बिनमिठाचा पाव

अण्णांनी पावाचा तुकडा चहात बुडवला, तोंडात घातला, दोनदा चावला आणि बशी माझ्याकडे सरकवली.

“शरयू, हा पाव नव्हे,” ते म्हणाले. “हा कापूस आहे. गादीत भर.”

त्यांच्या पायाशी बसून तेल चोळणाऱ्या द्वारकाबाईंनी हसू लपवायला पदर तोंडाला लावला. मीही हसल्यासारखं केलं आणि बशी उचलून आत गेले. ओट्यावर यंत्र अजून गरम होतं. त्या महिन्यातला तो माझा अकरावा पाव होता.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. साताऱ्यात गोडोलीला आमचं छोटं घर होतं आणि त्यात मी आणि माझे वडील राहत होतो. अण्णा पाटबंधारे खात्यात आरेखक होते. निवृत्त होऊन वीसेक वर्षं झालेली, वय एक्क्याऐंशी. आई जाऊनही बराच काळ लोटला होता. मी लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत गणित शिकवलं, आणि त्या दिवाळीत अण्णा पहिल्यांदा दवाखान्यात पडले तेव्हा मुदतीआधी निवृत्ती घेऊन घरी बसले. त्यांचं हृदय थकलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. अंगात पाणी साठू द्यायचं नाही. त्यासाठी लघवीच्या गोळ्या, रोज सकाळी वजन, आणि मीठ जवळजवळ बंद.

“लोणचं, पापड, फरसाण बंद, हे तुम्हाला ठाऊकच असेल,” डॉक्टर म्हणाले. “पण बेकरीचा पावही बंद. त्यात किती मीठ असतं, लोकांना कल्पना नसते.”

अण्णांनी लोणच्याला मान डोलावली, पापडाला डोलावली. पावाशी आल्यावर मात्र ते खिडकीबाहेर बघायला लागले. धरणांच्या सर्वेक्षणाला महिनोन्‌महिने तंबूत राहायचे तेव्हापासून सकाळी चहा आणि पाव हे त्यांचं ठरलेलं. दुसरं कसलंही व्यसन त्यांना नव्हतं.

पावाचं यंत्र आणलं ते माझ्या धाकट्या बहिणीनं, हेमांगीनं. ती टोरांटोला असते. डिसेंबरात अण्णांना भेटायला आली तेव्हा बॅगेत चार टॉवेलांत गुंडाळून तिनं ते आणलं. घागरीएवढी पांढरी पेटी, वर काचेची खिडकी, आत एक डबा आणि डब्याच्या बुडाशी पीठ मळणारं पातं. तिकडची वीज वेगळी, म्हणून इकडे एक ट्रान्सफॉर्मर घेतला. तो विटेसारखा जड होता आणि यंत्र चालू असेपर्यंत गुणगुणत राहायचा.

“आधी पाणी, मग मैदा, वर मधोमध खड्डा करून यीस्ट,” हेमांगीनं मला दाखवलं. “बटण दाबायचं आणि विसरायचं. मळणं, फुगवणं, भाजणं, सगळं तेच करतं. आणि मीठ किती, ते आपल्या हातात. अण्णांना पाव मिळेल, डॉक्टरही खूश.”

तिचा पहिला बिनमिठाचा पाव काचेला टेकेपर्यंत फुगला आणि भाजता भाजता मधोमध बसला. बाहेर काढला तेव्हा त्याला खळगा पडला होता. तिनं सोबतची पुस्तिका चाळली. मीठ यीस्टला आवर घालतं, ते नसलं की यीस्ट उधळतं, असं त्यात लिहिलं होतं. तरी अण्णांनी तो पाव मिटक्या मारत खाल्ला. हेमांगीनं केला होता ना. त्यांचं हे आमच्या लहानपणापासूनचं होतं. हेमांगीची करपलेली पोळी खमंग, आणि माझी चांगली झालेली पोळी म्हणजे नुसती पोळी. मला त्याची सवय झाली होती, निदान मला तसं वाटत होतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हेमांगी परत गेली. यंत्र आणि मी उरलो.

मी रीतसर पावाच्या मागे लागले. वहीत मोजमापं लिहायची, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. यीस्ट निम्मं केलं. पाणी चार चमचे कमी केलं, मग कोमटऐवजी गार घेतलं. आठवड्यातले चार दिवस सकाळी भारनियमन असायचं. पाव अर्धा भाजून झाला आणि वीज गेली की आत नुसता गोळा राहायचा, म्हणून पहाटेच यंत्र लावायची. हळूहळू पावाचा आकार सुधारला. वरचा भाग गोल यायला लागला, सुरी फिरवली की काप सरळ पडायला लागला. चवीचं मात्र काही केल्या जमेना. जिरं घातलं, ओवा घातला, लसूण घातली, एकदा दही घातलं. अण्णा एक घास खायचे आणि बशी सरकवायचे.

द्वारकाबाई तो उरलेला पाव घरी न्यायच्या. त्या साताऱ्यालगतच्या करंज्याहून रोज सकाळी सातला यायच्या आणि संध्याकाळी जायच्या. पन्नाशीच्या, उंच, हाडापेराच्या बाई. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून त्या मला ‘बाई’ म्हणायच्या. आजारी माणसाला कसं उठवायचं, कसं वळवायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, हे त्या कुठे शिकल्या नव्हत्या, त्यांच्या हातातच होतं ते. त्यांनी उठवलं की अण्णा कण्हायचे नाहीत. मी उठवलं की कण्हायचे. रोज सकाळी त्या अण्णांना काट्यावर उभं करायच्या आणि वजन कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहायच्या.

त्या दिवशी, बशी आत ठेवून मी बाहेर आले तेव्हा अण्णा द्वारकाबाईंना सांगत होते, “हेमांगी असती तर तिनं जमवलं असतं. तिला हात आहे.”

दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी मोजलं, मैदा मोजला, डब्याच्या कोपऱ्यात दीड चमचा मीठ घातलं. पुस्तिकेत लिहिलं होतं तितकंच, काटेकोर. एकदाच, असं मनाशी म्हटलं. एकदा खरा पाव खाऊ दे त्यांना.

पाव तयार होत आला तेव्हा घरभर जो वास सुटला, तो आधीच्या अकरा पावांना कधीच आला नव्हता. वरचं कवच तांबूस आणि कुरकुरीत. काप केला तर आत बारीक सारखी जाळी. मी अण्णांसमोर बशी ठेवली आणि दारातच थांबले.

त्यांनी तुकडा बुडवला, खाल्ला आणि डोळे मिटले. चावत राहिले. मग डोळे न उघडताच हात पुढे केला, दुसऱ्या कापासाठी. असे तीन काप खाल्ले.

“शरयू,” ते म्हणाले, “हा तू केलास?”

“हो.”

“बेकरीवाल्याला नेऊन दाखव. म्हणावं, पाव याला म्हणतात.”

मी बावन्न वर्षांची होते. त्या वयात वडिलांच्या एका वाक्यासाठी माणूस इतकं हपापलेलं असतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

दुपारी हेमांगीचा फोन आला. अण्णांनी तो माझ्या हातातून घेतला आणि दहा मिनिटं पावाबद्दलच बोलत राहिले. “मीठ नाही हं यात जराही,” ते तिला म्हणाले, “तरी काय चव आणलीय पोरीनं.” मग फोन माझ्याकडे दिला.

“ताई, कसं जमवलंस?” हेमांगीनं विचारलं.

“यीस्ट कमी केलं. आणि थोडं दही घातलं.”

“मला लिहून पाठव.”

मी खरंच लिहून पाठवलं. दही किती, यीस्ट किती, सगळं.

आता मागे कसं जायचं? दुसऱ्या दिवशी मी बिनमिठाचा केला असता तर चव कुठे गेली, असं अण्णांनी विचारलं असतं. म्हणून पुन्हा घातलं. मग रोजच. एका कापात असं कितीसं मीठ जातं, असा मी हिशेब मांडायची. गणिताचीच शिक्षिका, उत्तर मला हवं तसं काढायला वेळ लागत नव्हता. शेजारच्या कुलकर्णी वहिनी पाव शिकायला आल्या. अण्णांचे जुने सहकारी भेटायला आले तर ते त्यांच्यापुढे बशी करायचे. “आमच्या शरयूचा बिनमिठाचा पाव. खाऊन सांगा.” सगळे छान म्हणायचे. चव कळूनही कुणाच्या मनात काही आलं असेल तर बोललं कुणी नाही.

फेब्रुवारी संपता संपता द्वारकाबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं.

“बाई, जरा येता का? आण्णांचा पाय बगा.”

अण्णा झोपले होते. द्वारकाबाईंनी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. अंगठ्याच्या आकाराचा खड्डा तसाच राहिला.

“चार दिवस झालं, खड्डा पडतोय,” त्या म्हणाल्या. “वजनबी वाढलंय. पंधरवड्यात अडीच किलो.” त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्या हातात दिलं. त्यांच्या मोठ्या, वाकड्या आकड्यांत एकेक चौकोन चढत गेला होता.

“काटा बिघडला असेल,” मी म्हणाले. “जुना झालाय.”

“माझंबी वजन केलं मी त्यावर. बराबर दावतोय.”

“बघते मी, द्वारकाबाई. डॉक्टरांना विचारते.”

मी विचारलं नाही. विचारलं असतं तर डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच केला असता. मी त्या दिवसापासून मीठ अर्ध्यावर आणलं. दोन दिवसांनी अण्णांनी बशी सरकवली. “आज काय बिघडलं गं?” त्यांनी विचारलं. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा दीड चमचा घातलं.

पाडव्याच्या आधीच्या मंगळवारी सकाळी मी चहा घेऊन गेले तर अण्णा पलंगाच्या कडेला वाकून बसलेले. तोंड उघडं, आणि श्वासाचा असा आवाज, जणू घशात पाणी उकळतंय. द्वारकाबाई नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी पाठीमागून अण्णांना मिठीत धरून ताठ बसवलं आणि मला म्हणाल्या, “रिक्षा नको. आंबुलन्स बोलवा.” दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्या तशाच त्यांना धरून बसल्या होत्या.

अण्णा वाचले, पण सहा दिवस अतिदक्षता विभागात होते. डॉक्टरांनी आम्हा दोघींना बाहेरच्या बाकावर बसवून विचारलं, “शरीरात पाणी इतकं का साठलं? गोळ्या चुकल्या का?”

“एक न्हाई चुकली,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“मग मीठ कुठून तरी गेलंय. बाहेरचं काही? चोरून?”

“घरात तर त्यांच्या कशातच मीठ नसतं,” मी म्हणाले.

डॉक्टरांनी मान हलवली आणि आत गेले. हे मी ठरवून बोलले नव्हते. तोंडातून निघून गेलं, आणि एकदा निघाल्यावर ते तिथेच बसून राहिलं, आमच्या दोघींच्या मध्ये, त्या बाकावर.

तिसऱ्या दिवशी हेमांगी आली. थकलेली, घाबरलेली, आणि घाबरली की ती कुणाला तरी धरते. अण्णांना बघून घरी आल्यावर तिनं स्वयंपाकघर उपसलं. डबे उघडले, फळ्या बघितल्या. द्वारकाबाईंची पिशवी खिळ्याला टांगलेली असायची. त्यात त्यांच्या भाकरीच्या फडक्यात एक छोटी बाटली होती, लिंबाच्या लोणच्याची.

“हे काय?” हेमांगीनं विचारलं.

“माझं हाय, हेमाताई. भाकरीसंगं खायला.”

“अण्णांना दिलंत कधी?”

द्वारकाबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, त्या हेमांगीकडे बघत होत्या. नाही म्हणाल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? पण त्यांना तसं सुचलंच नाही.

“एकदा दिलं,” त्या म्हणाल्या. “माघातल्या गणपतीला. लई मागत हुते. बोटावर घेऊन जिभेला लावलं, येवढंच. बोटभर.”

“एकदा?”

“देवाची आन, एकदाच.”

“आणि आज ते त्या खोलीत नाकात नळी घालून पडलेत,” हेमांगी म्हणाली. आवाज चढला नव्हता. “तुम्हाला सांगितलं होतं ना? मीठ म्हणजे त्यांना विष. तरी तुम्ही लोणचं घेऊन रोज इथे येत होतात.”

मी ओट्याला टेकून उभी होते. माझ्या हाताशी यंत्र होतं. त्याच्या शेजारी मिठाची बरणी, सगळ्यांना दिसेल अशी. एक वाक्य बोलायचं होतं. मी ते मनात जुळवलंसुद्धा. मग हेमांगी माझ्याकडे वळली.

“ताई, तुला ठाऊक होतं हे?”

“नाही,” मी म्हणाले.

आणि हे खरंच होतं. लोणच्याचं मला ठाऊक नव्हतं. एक खरं उत्तर देऊन मी सुटले.

द्वारकाबाईंनी पिशवी काढली, बाटली तिच्यात ठेवली. “आण्णांना सांगा, द्वारका चुकली म्हनावं,” एवढं बोलून त्या गेल्या. हेमांगीनं पुढच्या दोन दिवसांत ओळखीच्या चार-पाच घरी फोन करून सांगितलं, त्या बाईंना रुग्णाजवळ ठेवू नका. कुणाचं नुकसान होऊ नये म्हणूनच, असं ती म्हणाली. तिच्या बाजूनं ते चुकीचं नव्हतं.

अण्णा घरी आले, पण ते आधीचे अण्णा राहिले नव्हते. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर. हेमांगी परत गेली. एका संस्थेतून दुसरी बाई आली, ती अण्णांना उठवायची तेव्हा ते दात आवळायचे. यंत्र मी पुसून, पुन्हा टॉवेलांत गुंडाळून माळ्यावर टाकलं. पाव का नाही, हे अण्णांनी एकदाही विचारलं नाही. सकाळी मऊ भात आणि ताक, ते निमूट खायचे.

मे महिन्यातली एक दुपार. मी त्यांना वारा घालत होते, वीज गेली होती.

“द्वारका का येत नाही?” त्यांनी विचारलं.

मी त्यांना सांगितलं. लोणच्याचं, हेमांगीनं काढून टाकल्याचं. ते छताकडे बघत राहिले.

“तिनं काही केलेलं नाही,” ते म्हणाले. “तुला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे.”

माझा हात थांबला.

“अगं, पन्नास-साठ वर्षं पाव खाल्ला मी. मीठ आहे की नाही हे मला कळणार नाही?”

“कधी कळलं?”

“पहिल्या घासाला.”

“मग बोलला का नाहीत, अण्णा?”

“तू दारात उभी होतीस,” ते म्हणाले. “तोंड असं झालं होतं तुझं, शाळेत बक्षीस मिळालेल्या पोरीसारखं. म्हटलं, खाऊ. आणि मलाही हवाच होता गं. उगाच सगळं तुझ्यावर कशाला घालू?” त्यांना धाप लागली. जरा थांबून म्हणाले, “आपण दोघांनी मिळून केलंय हे. तिसरीवर घालू नकोस. जा, तिला सांग, आणि घेऊन ये.”

दुसऱ्याच दिवशी मी करंज्याला गेले. द्वारकाबाईंचं घर एका अरुंद बोळात होतं. त्या नुकत्याच कामावरून आल्या होत्या. मंगल कार्यालयात भांडी घासायच्या आता. मला बघून गडबडीनं उठल्या, चटई टाकली, आणि मी बसायच्या आत माझे पाय धरले.

“बाई, माझ्या हातनं पाप झालं. आण्णांच्या जिवावर आलं. मला रातीला झोप लागत न्हाई.”

“तुमच्यामुळे नाही झालं ते, द्वारकाबाई,” मी म्हणाले.

त्यांनी वर बघितलं. डोळे भरून आले होते. “तुम्ही मोठ्या मनाच्या, बाई. म्हनून म्हनताय.”

इथे बोलायचं होतं. पुढचं एकच वाक्य. पण त्यांच्या डोळ्यांत माझ्याविषयी जे दिसत होतं, ते मला पुसून टाकवेना. मी म्हणाले, “अण्णांनी बोलावलंय तुम्हाला. या परत.”

“न्हाई, बाई. आता आजारी मानसाला हात लावायचा धीर हुत न्हाई.” त्यांनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. “ह्यांचा भरवसा न्हाई राहिला.”

मी तशीच घरी आले. “येणार नाहीत म्हणाल्या,” अण्णांना सांगितलं. “सगळं सांगितलंस ना?” त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. त्यांनी डोळे मिटले. मला वाटतं, त्यांना तेही कळलं असावं.

जुलैत अण्णा गेले.

तेराव्याला जेवणं उरकली होती. माणसं पांगली होती, हेमांगी आणि मी ओसरीवर अण्णांच्या फोटोजवळ बसलो होतो. फाटक वाजलं. द्वारकाबाई होत्या. धुवट लुगडं, हातात झेंडूची चार फुलं. त्या अंगणातच थांबल्या.

“ह्या कशाला आल्या?” हेमांगी हळू म्हणाली, पण त्यांना ऐकू गेलं.

“आत येत न्हाई, हेमाताई. हितनंच फोटोला हात जोडते.”

“हेमांगी,” मी म्हणाले. “लोणच्यानं काही झालं नव्हतं. पावात मीठ होतं. मी घालत होते.”

हेमांगीनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परक्या भाषेत बोलत होते. “किती?”

“दीड चमचा. रोज.”

“पण तू तर मला दही...”

“दह्यानं काही झालं नव्हतं.”

हेमांगी उठून आत गेली. त्यानंतर कित्येक वर्षं आम्ही एकमेकींशी फक्त दिवाळीला बोललो. द्वारकाबाई मात्र हलल्या नव्हत्या. फुलं हातात तशीच होती.

“कवापासनं?” त्यांनी विचारलं.

“जानेवारीच्या शेवटापासून.”

“म्हंजे मी कॅलेंडर दावलं तवाबी?”

“हो.”

“काटा बिघडलाय म्हनालात.”

“बिघडला नव्हता.”

“आन्‌ तुम्ही माझ्या घरी आलात, मी तुमचं पाय धरलं, तवा?”

“तेव्हाही मला ठाऊक होतं.”

त्या ओसरीच्या पायरीवर बसल्या. मी पाणी आणायला उठले तर हातानंच नको म्हणाल्या. मग बोलल्या, जमिनीकडे बघत.

“आमच्या बोळात गौराक्का हुती. पडली, मांडी मोडली, अंथरुनाला खिळली. तिचा ल्योक दोनदा आला मला बोलवायला. म्हनला, मावशी, आईला वळवता येत न्हाई, पाठीला जखमा झाल्यात, तू ये. मी न्हाई गेले. म्हनलं, ह्या हातांनी येक झालंय, दुसरं नको. त्या जखमा सडल्या, बाई. वास यायचा बोळात. मी दार लावून घ्यायची. गेल्या महिन्यात मेली.”

त्या उठल्या. फुलं अण्णांच्या फोटोपुढे ठेवली, हात जोडले आणि वळल्या.

“चला,” त्या म्हणाल्या.

“कुठे?”

“करंज्याला. हे त्या पोराला सांगा. तुमच्या तोंडानं.”

आम्ही रिक्षानं गेलो. गौराक्काचा मुलगा, भिकाजी, चाळिशीचा असेल, दारात सायकलीचं चाक उलटं करून पंक्चर बघत होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. यंत्र, मीठ, काटा, लोणच्याची बाटली. सांगताना बोळातली दोन-तीन दारं उघडली, बायका बाहेर आल्या. मी थांबले नाही. भिकाजीनं शेवटपर्यंत ऐकलं. मग चाकावरचा हात पँटला पुसला.

“आता हे मला सांगून काय हुनार, बाई?” तो म्हणाला. “आई तर गेली.”

मी मान खाली घातली. द्वारकाबाई माझ्या मागे उभ्या होत्या.

“तुला न्हाई, भिका,” त्या म्हणाल्या. “मला ऐकायचं हुतं, ह्या बोळात.” आणि मग मला म्हणाल्या, “पुन्यांदा सांगा, बाई. पहिल्यापासनं.”

मी पुन्हा सांगायला सुरुवात केली.